समुद्रकाठची पंगत आणि एक उपास

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात समुद्राच्या तोंडाशी कैतबेचा किल्ला उभा आहे. पंधराव्या शतकातला. पर्यटक इथे येतात ते मुख्यतः प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, तो प्रसिद्ध दीपस्तंभ कुठे होता हे पाहायला. दीपस्तंभ भूकंपांनी पाडला आणि त्याच जागी हा किल्ला आला. पण या जागेची आणखी एक आठवण आहे. हे पूर्वी फारोस नावाचे बेट होते. दोन हजार वर्षांपूर्वी वर्षातून एक दिवस शहरातली ज्यू कुटुंबे समुद्र ओलांडून इथे येत, देवाचे आभार मानत आणि मग कोणी तंबू ठोकून, तर कोणी उघड्या वाळूवर बसून आप्तेष्टांसह जेवत. ज्यू नसलेले शेजारीही या पंगतीला असत. आणि निमित्त काय, तर एक भाषांतर!

सिकंदराने इ. स. पू. ३३१ मध्ये हे शहर वसवले. त्याच्यामागे टॉलेमी घराण्याच्या राजवटीत पॅलेस्टाइनमधून असंख्य ज्यू इथे आले. बाजार ग्रीक, कचेरी ग्रीक, शेजार ग्रीक. पुढच्या पिढ्यांना धर्मग्रंथाची हिब्रू भाषा परकी होत गेली. परक्या प्रांतात मुले वाढवणाऱ्या आईबापांना ही काळजी वेगळी सांगायला नको.

तेव्हा तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, इ. स. पू. तिसऱ्या शतकात ग्रीकमध्ये आणले गेले. आख्यायिका सांगते, की राजा दुसरा टॉलेमी याला आपल्या ग्रंथालयासाठी ते हवे होते. त्याने जेरुसलेमहून ७२ पंडित बोलावले आणि फारोस बेटावर ७२ दिवसांत काम पुरे झाले. अभ्यासकांच्या मते मात्र राजाच्या हौसेपेक्षा या समाजाची स्वतःची निकड मोठी होती. काम सोपे नव्हते. ‘तोरा’ म्हणजे मुळात शिकवण. ग्रीकमध्ये तिचा ‘नोमॉस’, म्हणजे कायदा झाला. देवाचे नाव तर उच्चारायचेच नाही! इजिप्तमध्ये सापडलेल्या एका जुन्या पपायरसवर सगळा मजकूर ग्रीक आहे, पण ते एक नाव लेखनिकाने हिब्रू अक्षरांतच ठेवले आहे.

या ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंचे मोठे प्रार्थनामंदिर कसे होते, याचे वर्णन तालमुदमध्ये आहे. मंदिर इतके विस्तीर्ण, की मागच्यांना आवाज पोहोचत नसे. ‘आमेन’ म्हणायची वेळ झाली की सेवक कापड फडकावून खूण करी. सोनार, लोहार, विणकर आपापल्या धंद्याप्रमाणे बसत. परगावचा गरीब कारागीर आला, की आपल्या धंद्याचे लोक शोधून त्यांच्यात जाऊन बसे आणि त्याच्या पोटापाण्याची सोय होई. वर्णनात अतिशयोक्ती असेल, पण ही सोय मात्र अगदी खरी वाटते.

फारोसची पंगत आपल्याला ठाऊक आहे ती फिलोमुळे. हा अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. नाटके, शर्यती पाहणारा, प्लेटो कोळून प्यायलेला माणूस. मोशेच्या कथांतून तो गूढ अर्थ काढी. पण गूढार्थ कळला म्हणून शब्बाथचा विसावा आणि सुंता सोडून देणाऱ्यांना त्याने चांगलेच सुनावले आहे. आचार हे शरीर आणि अर्थ हा आत्मा. शरीराची हेळसांड करून आत्मा राहायचा कुठे?

सन ३८ मध्ये शहरात दंगल उसळली. ज्यूंना एकाच वस्तीत कोंडले गेले, प्रार्थनामंदिरांत सम्राटाच्या प्रतिमा बसवल्या गेल्या. उतारवयात फिलो दाद मागायला रोमला, कॅलिग्युला बादशहापुढे गेला. त्याच्या घरात मात्र वेगळेच घडले. सख्खा पुतण्या टायबेरियस ज्युलियस अलेक्झांडर वडिलोपार्जित धर्माचार सोडून रोमन अधिकारी झाला आणि सन ६६ मध्ये इजिप्तचा सुभेदार म्हणून त्यानेच याच शहरातल्या ज्यूंवर सैन्य घातले. पुढे ११५ ते ११७ च्या बंडात हा समाज जवळजवळ संपला.

पंगतही संपली. ग्रीक भाषांतर आणि फिलोची पुस्तके जपली ती ख्रिस्ती मंडळींनी. ज्यू परंपरेत तर पुढे उलटेच झाले: तोरा ग्रीकमध्ये गेली तेव्हा जगावर तीन दिवस अंधार पडला, असे सांगितले जाऊ लागले, आणि त्या आठवणीने तेवेथ महिन्याच्या आठव्या दिवशी उपास नोंदवला गेला. तरी भाषांतराची गरज थोडीच थांबते? आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजासाठी १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची पोथी, हग्गादा, हिब्रूबरोबर मराठीतही छापली गेली.

आजच्या अलेक्झांड्रियात नबी दानियाल रस्त्यावर एक सिनेगॉग आहे. नाव कोकणाच्या ओळखीचे, एलियाहू हन्नाबी. मूळचे १३५४ चे, सध्याची इमारत १८५० ची. १९४८ आणि १९५६ च्या युद्धांनंतर इथले ज्यू देशोदेशी गेले. २०१६ मध्ये छताचा काही भाग कोसळला; इजिप्त सरकारने दुरुस्ती करून जानेवारी २०२० मध्ये ते पुन्हा उघडले. आत सुमारे ७०० जणांची बैठक आहे. सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात, आणि शहरात तेवढेही उरले नव्हते. फेब्रुवारीत परदेशांतून सुमारे १८० जण आले, तेव्हा प्रार्थना झाली. बाकांवर पितळेच्या छोट्या पट्ट्या आहेत; कोणती जागा कोणाची, ते त्यांवर कोरलेले आहे.