विंचवाचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बहुधा अस्थिर माणसास उद्देशून योजितों. तींत थोडा उपहासही असतो. परंतु गडचिरोली जिल्ह्यांतील भामरागडच्या बाजूस राहणाऱ्यांना अशा बिऱ्हाडाची योग्यता लौकर कळते. इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांचा संगम जेथें होतो, त्या गांवचा रस्ता पर्लकोटेला पूर आला कीं बंद पडतो. मग वीज व इंटरनेट यांचाही भरंवसा राहत नाहीं. जें जवळ असेल तेंच आपलें.

त्या तालुक्यांतील आमचा एक माडिया विद्यार्थी दोन वर्षें आपल्या आजीच्या तोंडचे शब्द व त्यांचे मराठी अर्थ जमवीत आहे. घरीं संगणक नाहीं. शाळेंत, वसतिगृहांत, सुटींत आलापल्लीच्या एका दुकानांत, मिळेल त्या यंत्रावर तो बसतो. एका यंत्रांत लिबरऑफिस नसे, तर दुसऱ्यांत नवें सॉफ्टवेअर बसविण्याची परवानगी नसे. तेव्हां लिहिण्याचें साधनच पेनड्राइव्हवर बरोबर न्यावें, असें आम्हीं ठरविलें.

वाचक म्हणतील, प्रोग्रामाचें फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर ठेविलें म्हणजे झालें. पण विंडोजमधील प्रोग्राम बहुधा एकाच जागीं राहत नाहीं. त्याचा देह एका फोल्डरांत, वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी त्याच्या खात्यांत, व कांहीं नोंदी रजिस्ट्री नांवाच्या सामायिक वहींत असतात. देह तेवढा उचलला तर बाकीचें मागें राहतें. शिवाय पेनड्राइव्हला एका यंत्रावर ‘ई’ हें अक्षर मिळतें, तर दुसऱ्यावर ‘एफ’. पूर्ण पत्ता लिहून ठेविला तर तो उद्यां खोटा ठरतो. म्हणून नियम दोन : सर्व नोंदी प्रोग्रामाच्या स्वतःच्या फोल्डरांत असाव्या, आणि पत्ता आपल्या जागेपासून मोजलेला असावा.

जॉन हॅलर यांनीं २००४ सालीं फायरफॉक्सची अशी फिरती आवृत्ति काढली, व ही रीत पुष्कळांस ठाऊक झाली. लिबरऑफिसचीही तशी तयार आवृत्ति आज फुकट मिळते. तथापि आंतील रचना समजावी म्हणून आम्हीं ती मुलाकडून हातानेंच करविली. लिबरऑफिस न बसवितां नुसतें उलगडून घेतलें. त्याच्या ‘प्रोग्राम’ फोल्डरांत ‘बूटस्ट्रॅप’ नांवाची छोटी फाइल असते. तिच्यांतील ‘युजरइन्स्टॉलेशन’ या ओळींत खात्याचा पत्ता होता. तेथें ‘ओरिजिन’ हें पद घालून नवा पत्ता लिहिला. त्या पदाचा अर्थ इतकाच, कीं ‘मी जेथें आहें तेथून मोजा’. नोटपॅड प्लस प्लसचें काम तर याहून सोपें : त्याच्या फोल्डरांत ‘डूलोकलकॉन्फ’ नांवाची एक रिकामी एक्सएमएल फाइल ठेविली कीं तो आपल्या नोंदी तेथेंच ठेवूं लागतो.

आतां लाभ सांगतों. मराठी शुद्धलेखनाचा कोश जोडला म्हणजे अनोळखी शब्दाखालीं तांबडी नागमोडी रेघ येते. आजीचे बहुतेक शब्द असेच तांबडे दिसत. मुलगा एकेक शब्द कोशांत घालून मान्य करी. पण ती मान्यता त्या एका यंत्रापुरतीच. दुसऱ्या यंत्रावर आजी पुन्हां अशुद्ध ठरे! हें त्याला फार लागे. आतां त्याचा कोश त्याच्या खिशांत असतो, आणि एकदां मान्य झालेला शब्द कोठेंही मान्यच राहतो. गेल्या पावसाळ्यांत रस्ता बंद असतां त्यानें एका शेजाऱ्याच्या संगणकावर काम पुढें चालविलें.

कांहीं सावधगिरी मात्र हवी. मराठी कळफलक विंडोजमध्येंच चालू करावा लागतो. तो पेनड्राइव्हबरोबर येत नाहीं. लिहिणें चालू असतां पेनड्राइव्ह उपटूं नये. कांहीं ठिकाणीं पेनड्राइव्ह लावण्यास मनाई असते, ती पाळावी. आणि बिऱ्हाड जितकें लहान तितकें तें हरविणें सोपें. यास्तव पालकांस आमची विनंति आहे, कीं मुलाच्या फोल्डराची दुसरी प्रत शाळेंत ठेविली आहे कीं नाहीं, हें दर महिन्यास त्याला विचारावें. आजी वृद्ध आहेत. ते शब्द पुन्हां सांगावयास त्या नेहमीं असतील असें नाहीं.