पिशव्यांची पिशवी

दिल्लीतील आमच्या सरकारी निवासस्थानी, स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला एक फुगीर पिशवी लटकलेली असते. तिच्यात केवळ पिशव्याच असतात. भारतातील बहुतेक घरांत अशी एक पिशवी असावी. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी तिच्याकडे अनेक वर्षे तुच्छतेने पाहिले. जी वस्तू फुकट मिळते, तिचा साठा कशासाठी करावयाचा?

सौभाग्यवती उत्तर देत ते कृतीतून. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडावयाचा नाही, तो लोंबता ठेवावयाचा. सुटा तुकडा कचऱ्यातून कोणी वेचत नाही. रिकामी पिशवी धुऊन, तळाला भोके पाडून, तीत मिरचीचे रोप लावावयाचे. पातळ पिशव्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांच्या वेण्या घालावयाच्या आणि त्या शिवून पायपुसणे करावयाचे. जाड पिशवी प्रवासातील ओल्या कपड्यांसाठी. मनाई दोनच गोष्टींना : त्यांत गरम अन्न भरणे आणि त्या जाळणे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाने प्लास्टिकमुक्तीचा संकल्प सोडला. परिसंवादासाठी ‘कापडी’ पिशव्या खरेदी करण्याच्या टिपणीवर माझी स्वाक्षरी झाली. एक नमुना मी मोठ्या अभिमानाने घरी आणला. सौभाग्यवतींनी त्याचा एक धागा ओढून मेणबत्तीवर धरला. राख झाली नाही. काळा थेंब वितळून खाली पडला. ते न विणलेले पॉलिप्रॉपिलीन होते, म्हणजे प्लास्टिकच. फाईलवर ‘कापडी’ लिहिल्याने प्लास्टिकचा कापूस होत नाही, हे तीस वर्षांच्या सेवेनंतर मला स्वयंपाकघरात कळले.

वस्तुतः नियमांमागील तर्क सौभाग्यवतींच्या तर्काहून वेगळा नाही. पिशवीची किमान जाडी 2016 च्या नियमांनी 50 मायक्रॉन ठरविली. ती 30 सप्टेंबर 2021 पासून 75 आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन झाली. जाड पिशवी पुन्हा वापरता येते, आणि वजन असल्याने कचरावेचकाला ती उचलणे परवडते. पातळ पिशवी मात्र दुकानदार फुकट देतो. तिची किंमत तुंबलेले गटार आणि उकिरड्यावरची गाय चुकवते. आयर्लंडने 2002 साली प्रत्येक पिशवीवर 15 सेंटचा कर बसविला आणि वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. फुकटेपणा संपला की सवय बदलते.

पुनर्वापर हा अंतिम उपाय नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. पायपुसणेही एक दिवस झिजते. रोपाची पिशवी उन्हाने ठिसूळ होते. त्यातून मिळते ती मुदतवाढ. परंतु जी व्यक्ती पिशवी धुऊन वाळत घालते, तिला नवी पिशवी घेताना दहादा विचार करावासा वाटतो, आणि खरा लाभ तोच.

त्यानंतरच्या खरेदीच्या टिपणीत मी ‘विणलेले सुती कापड’ असे स्पष्ट लिहिले आणि नमुना तपासल्यावाचून स्वाक्षरी केली नाही. दारामागची पिशवी अद्याप आहे. मात्र ती पूर्वीइतकी फुगत नाही. माझ्या मते प्रगतीचा याहून विश्वसनीय निर्देशांक नाही.