'हो' म्हणायची सवय

मागच्या रविवारी सकाळी कोथरूडहून आईचा फोन आला. "अरे, तुझा तो फॉर्म भरतेय. पाठवायला गेले तर म्हणतोय, माहिती सुरक्षित जाणार नाही. 'तरीही पाठवा' दाबू का?"

फॉर्म मीच केलेला. तिच्या भजनी मंडळाच्या पंढरपूर सहलीसाठी. नाव, वय, चालू असलेली औषधं, घरच्यांचा फोन नंबर.

"दाब गं, काही होत नाही," हे अगदी ओठांवर आलं होतं. कारण ही सवय तिला मीच लावलीय! इंटरनेट एक्सप्लोरर सहा-सातचे दिवस आठवतात का मंडळी? कुलूपवाल्या पानात एखादा बिनकुलपाचा फोटो असला की चौकट यायची: पानात सुरक्षित आणि असुरक्षित दोन्ही गोष्टी आहेत, असुरक्षित दाखवू? आई मला विचारायची, मी म्हणायचो, "हो." २००९ साली आठव्या आवृत्तीत तोच प्रश्न उलटा झाला: फक्त सुरक्षित तेवढंच दाखवू? आमचं उत्तर तेच... "हो"! मग पानातले फोटो गायब, आणि आम्ही बुचकळ्यात.

या वेळी म्हटलं, "थांब, बघतो."

पान एचटीटीपीएसने येत होतं. पण फॉर्म जिथे जायचा तो पत्ता मी एका जुन्या पानातून उचललेला, नुसता एचटीटीपी. म्हणजे फॉर्म यायचा बंद पाकिटातून आणि भरलेली माहिती परत जायची उघडी, वाटेत कुणीही वाचावी अशी. क्रोम २०२० पासून असे फॉर्म अडवून विचारतो, ते याचसाठी. एफ१२ दाबून कन्सोल पाहिला, तर तीन फोटोंचे पत्तेही तसलेच. सगळीकडे एकेक 'एस' घातला, नवे पत्ते नीट उघडतात ना ते तपासलं. दहा मिनिटांचं काम.

आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आंतरदेशीयात लिहायचं ते तू आम्हाला पोस्टकार्डावर लिहायला लावत होतास!"

हसलो खरा. पण मग आलेले फॉर्म मोजले. आठजणींनी आधीच 'तरीही पाठवा' दाबलं होतं. बीपीच्या गोळ्यांपासून मुलांच्या नंबरापर्यंत सगळं भरून. संध्याकाळी एकेकीला फोन करून माझी चूक सांगितली. एकही रागावली नाही. "असं काहीतरी आलं होतं खरं, पण मुलगा म्हणतो, काही होत नाही..." असं दोघींनी तरी सांगितलं.

मी काय बोलणार? मीही कुणाचा तरी मुलगाच.