कुठली पेठ?

पुण्यात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "मूळचा कुठला?" मी म्हणतो, "पेठ." समोरचा एकदम खूश. "अरे वा! कुठली पेठ? सदाशिव की नारायण?" यावर मी नुसता हसतो, चहाचा घोट घेतो आणि ट्रॅफिकचा विषय काढतो.

हा फंडा मी तब्बल सहा वर्षं वापरला. एक अक्षर खोटं बोललो नाही, बरं का! पण माझं पेठ म्हणजे नाशिक जिल्ह्यातला आदिवासी तालुका. नाशिकहून धरमपूरच्या रस्त्याला लागायचं, सावळघाट उतरायचा, की थोड्या वेळात गुजरातची हद्द येण्याआधी आमचं गाव. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल उजाडला की पाण्यासाठी पायपीट. उतारावर नागली, खाचरात भात. हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये हे सगळं सांगत कोण बसणार?

परवा मात्र पंचाईत झाली. शुक्रवारी ऑफिसात एचआरनं क्विझ ठेवली होती. विषय : मोठ्या कंपन्यांची सुरुवात कशी झाली?

सॅमसंग? १९३८ साली कोरियातल्या देगू शहरात सुकी मासळी आणि शेवया विकणारी पेढी. हशा! निंटेंडो? १८८९, क्योटो, हातानं बनवलेले खेळायचे पत्ते. पुन्हा हशा. नोकिया? १८६५ मध्ये फिनलंडमधली कागदाच्या लगद्याची गिरणी. पुढे दुसरी गिरणी नोकिया नावाच्या गावाजवळ निघाली आणि कंपनीनं गावाचंच नाव घेतलं. ज्या फोनवर आपण कॉलेजात तासन्‌तास साप पळवला, त्याच्यावर एका गावाचं नाव छापलेलं होतं. आता बोला!

मग प्रश्न आला, "विप्रो?" सगळे एका सुरात ओरडले, "बंगलोर!" एचआरवाली म्हणाली, "राँग. अमळनेर!"

दोन सेकंद शांतता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "हे कुठे आलं?" आणि अख्खी टीम खदाखदा हसली. मीही हसलो.

खरं तर मला अमळनेर चांगलं माहीत होतं. नाशिकला होस्टेलवर माझा रूममेट तिथलाच होता. विप्रोची गोष्ट तो इतक्या वेळा सांगायचा की आम्ही उशी फेकून मारायचो. जळगाव जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हाशम प्रेमजींनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्‌स' ही कंपनी काढली आणि अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना उभा केला. 'सनफ्लॉवर' वनस्पती आणि '७८७' नावाचा कपड्यांचा साबण हा त्यांचा माल. १९६६ मध्ये हाशम प्रेमजी अचानक गेले. मुलगा अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. वय २१. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला. कॉम्प्युटर आले ते आयबीएमनं भारत सोडल्यानंतर, ऐंशीच्या दशकात. म्हणजे तीसेक वर्षं कंपनी तूप आणि साबणावरच चालली होती.

पण मित्राची आवडती गोष्ट वेगळीच होती. अमळनेरच्या बऱ्याच लोकांनी या कंपनीचे शेअर घेतले होते. काही घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत आणि साधी माणसं करोडपती झाली. आम्ही होस्टेलवर या करोडपतींचाच हिशोब करत बसायचो. परवा मात्र डोक्यात वेगळंच आलं. त्यांनी शेअर घेतले तेव्हा सॉफ्टवेअर हा शब्द तरी कुणी ऐकला होता का? समोर होता तो आपल्याच गावातला तुपाचा कारखाना. त्याची त्यांना लाज वाटली नाही. सुकी मासळी ऐकून आपण मजेत हसतो, कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असतं. ज्याचं पुढचं अजून व्हायचंय, त्याचं काय?

आणि तिथेच मला आईची लेबलं आठवली.

माझी आई आणि बचत गटाच्या अकरा बायका मिळून नागलीचे पापड आणि बिस्किटं करतात. महिन्यापूर्वी तिनं फोनवर विचारलं, "लेबल छापायचंय. पत्ता कसा लिहू?" मी झटकन म्हणालो, "नुसतं नाशिक लिही. पेठ कुणाला कळतंय? नाशिक भारी वाटतं." ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं. तू शिकलेला आहेस." गंमत म्हणजे माझ्या शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण रोज चार वाजता महागड्या 'रागी कुकीज'चा डबा उघडते. रागी म्हणजे आमची नागलीच! तिला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर बनवले, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांनी कारखाना आणि गाव वसवलं. आज तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी आहे. आणि मी? आईच्या पाकिटावरून माझ्या गावाचं नाव पुसून टाकलं होतं.

रात्री फोन केला. "आई, लेबलवर पेठ टाक. ठळक अक्षरात."

"आता सुचलं होय? पाचशे छापून झालीत. पैसे दिलेत. ती संपेपर्यंत नाशिकच राहणार."

"आणि मग?"

"मग बघू. बाया तेव्हाच म्हणत होत्या, आपल्यातलं नाशिकला राहतं कोण?"

मला उत्तर सुचलं नाही.

सोमवारी टीममध्ये एक नवा मुलगा आला. चहाच्या टपरीवर त्यानं विचारलं, "सर, मूळचे कुठले?"

"पेठ."

"अरे वा! सदाशिव?"

"नाही रे. नुसतंच पेठ. जिल्हा नाशिक."

"हे कुठे आलं?"

मी सांगायला लागलो. घाट, नागली, आईचा बचत गट, पाचशे लेबलं, सगळं. चहा पार गार झाला.