चित्र आहे, उजेड नाही

खोटं कशाला बोलू, टीव्ही बिघडला तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं.

३२ इंची एलईडी, २०१४च्या दिवाळीत घेतलेला. २०२५च्या नवरात्रात एका संध्याकाळी आईची मालिका ऐन रंगात आली असताना पडदा काळा झाला, आवाज मात्र चालूच. सासू सुनेला काहीतरी लागट बोलत होती, पण दिसत कुणीच नव्हतं. बंद करून पुन्हा लावला की कंपनीचं नाव सेकंदभर उमटायचं, की परत अंधार. आई दोन दिवस टीव्ही रेडिओसारखा ऐकत बसली आणि मी तिच्या शेजारी बसून मोबाइलवर ४३ इंचांचे भाव बघत होतो. घटस्थापनेच्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला होता. मला हा देवीचा कौलच वाटला.

आई म्हणाली, "अरे, कुणाला तरी दाखव आधी."

मी तिला दहा मिनिटं ऐकवलं. हल्लीच्या वस्तू दुरुस्तीसाठी केलेल्याच नसतात, अकरा वर्षांच्या टीव्हीचे पार्ट कुठून मिळणार, आज हे केलं तर उद्या ते जाईल. यातलं एकही वाक्य मी कुठे तपासून बघितलेलं नव्हतं. नवा घ्यायचं आधी ठरलं होतं, कारणं मागून गोळा झाली.

माझ्या या मताला एक जुना आधार होता, नाही असं नाही. आमच्या लहानपणी घरी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट होता. गच्चीवरची अँटेना सिंहगडावरच्या टॉवरकडे तोंड करून, आणि घरातला सर्वांत काटकुळा म्हणून ती फिरवायला मी. त्या टीव्हीचं चित्र मधूनच मिटायचं आणि पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ उरायची. आई पाठीत धपाटा घालायची, टीव्हीच्या, आणि चित्र परत उघडायचं. पुढे मेकॅनिकने मागचं झाकण काढून दाखवलं की एका टाक्याचं डाख सुटलंय, 'ड्राय सोल्डर', धपाट्याने तेवढ्यापुरतं टेकतं. मग गन तापवून त्याने तो टाका पक्का केला. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं होतं की जुनं ते दुरुस्त होणारं आणि नवं ते फेकायचं खोकं. लग्नाकार्यात, जेवणाच्या पंगतीत मी हे सिद्धांतासारखं सांगत आलो आहे.

तर आईने मला न विचारता आमच्या पेठेतल्या मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, पिशवीत एक मीटर, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च. टीव्ही लावून तो म्हणाला, "साहेब, खोलीतले दिवे घालवा." आणि टॉर्च काळ्या पडद्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरली.

त्या उजेडाच्या गोलात माणसं हालत होती. अगदी फिकट, पाण्याखाली असल्यासारखी. सून दारातून आत आली, मागे देव्हारा होता, सगळं जागच्या जागी.

"चित्र आहे," तो म्हणाला. "उजेड नाहीये."

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्याचा पडदा एलसीडीच असतो आणि त्या काचेला स्वतःचा उजेड नसतो, हे मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. एलईडी असतात त्या मागे, पट्ट्यांवर, आणि दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या. एक जळली की सगळी माळ जाते. खर्च? पट्ट्या आणि मजुरी मिळून १,८०० रुपये.

मी तरीही म्हणालो, "पण अकरा वर्षांचा आहे हो."

"वयाचं काय घेऊन बसलात? पॅनेल गेलं असतं तर मीच म्हणालो असतो, नवा घ्या. पॅनेलच्या पैशात जवळपास नवा टीव्ही येतो. हे पॅनेल चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी तो तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पट्ट्या घेऊन आला. दिवाणावर गोधडी अंथरली, टीव्ही पालथा घातला आणि पंखा बंद करायला लावला, कारण आतल्या पांढऱ्या शीटवर धुळीचा कण बसला तर तो कायम पडद्यावर दिसतो. पॅनेलची काच उचलताना त्याने मला दुसऱ्या बाजूला धरायला लावलं. पापडाइतकी पातळ, हाताला जरा वाकल्यासारखी वाटणारी काच. तेवढ्यात मला कळलं की याला दुरुस्त न होणारं खोकं म्हणणाऱ्याने ते कधी उघडलेलंच नव्हतं. जळलेल्या एलईडीवर करपलेल्या मोहरीएवढा काळा ठिपका होता. बाकीच्या चांगल्या असूनही त्याने सगळ्या पट्ट्या बदलल्या, सगळ्यांनी सारखेच दिवस काढलेत म्हणून. मग मेनूत जाऊन विचारलं, "बॅकलाइट १०० वर कुणी ठेवलाय?"

मीच. पहिल्या दिवसापासून. पैसे मोजलेत तर उजेड पुरा हवा, असा माझा हिशेब. त्याने तो ६०वर आणला. एवढा ताव दिला की पट्ट्या लवकर जातात, म्हणाला. म्हणजे टीव्ही म्हातारा झाला म्हणून मी ज्याच्या नावाने ओरडत होतो, त्याला भाजून काढण्यात माझाही हात होता.

यानंतर मी, नव्याने माळ घातलेल्या वारकऱ्यासारखा, दुरुस्तीचा प्रचार करत सुटलो. चिंचवडला ताईच्या टीव्हीवर उभ्या रंगीत रेघा आल्या, तेव्हा तिला फोनवर सलग तीन दिवस सतावलं की नवा घेऊ नकोस. तिने माणूस बोलावला, त्याने पॅनेल गेल्याचं सांगितलं आणि व्हिजिटचे साडेतीनशे घेतले. ते अजून ती माझ्याकडे मागते आहे. तिचं नवा घेणं बरोबर होतं. मी आधी वयावरून निकाल देत होतो, नंतर तत्त्वावरून देऊ लागलो, आणि दोन्ही वेळा काय बिघडलंय हे विचारलंच नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. शटरवाल्यानंतर आमच्याकडे जो २१ इंची रंगीत डबा होता, तो मी एलईडी आणल्यावर दीडशे रुपयांत भंगारवाल्याला दिला. त्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि ती कुठेतरी उकिरड्यावर फोडली जाते, हे नंतर वाचलं. चालू टीव्ही होता तो.

४३ इंचांचा मोह गेलाय असं मुळीच नाही. दुकानावरून जाताना पाय रेंगाळतातच. ६०च्या उजेडात दुपारी जरा मंद दिसतं, आई मला खिडकीचा पडदा ओढायला लावते. आणि पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक राखाडी ठिपका आहे, क्रिकेट लागलं की तो कायम सीमारेषेवर फील्डिंग करतो. आई म्हणते, त्या माणसाने काम जरा गबाळं केलं. मी मान डोलावतो. तो पट्ट्या चिकटवत असताना उकडतंय म्हणून दोन मिनिटं पंखा मीच लावला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.