बाबांचे निळे तिकीट

पॅरिसला निघालो तेव्हा आईने बाबांची तिकिटांची वही माझ्या हाती दिली. "त्या निळ्या तिकिटाची किंमत करून आण. जन्मभर त्याच्यापायी माझी बोलणी खाल्ली त्यांनी!" फ्रान्सचे १८४९ सालचे, अगदी पहिल्या छापाचे तिकीट म्हणून बाबांनी दिवाळीचा बोनस त्यावर घातला होता. आईची पैठणी त्या वर्षी राहिली, ती राहिलीच.

पॅरिसमध्ये शाँज-एलिझेच्या हमरस्त्यालगत, झाडांच्या सावलीत तिकिटांचा बाजार भरतो. गुरुवारी, शनिवारी आणि रविवारी. 'शराड' या १९६३ च्या चित्रपटात तो काहींनी पाहिला असेल. आपला आठवडी बाजारच म्हणा ना. भाजीच्या जागी तिकिटे आणि तराजूच्या जागी भिंग!

एका वृद्ध दुकानदारापुढे मी वही उघडली. शेजारचा एक विद्यार्थी हौसेने दुभाष्या झाला. तिकिटावर धान्यदेवता सेरेसचा मुखडा, किंमत २० साँतीम, आणि कडेला दाते नाहीत. १ जानेवारी १८४९ रोजी फ्रान्सची पहिली तिकिटे निघाली ती अशीच. बाबांचा पुरावा एवढाच होता.

म्हातारबुवा हसले. "पण तेव्हाचे २० साँतीमचे तिकीट काळे होते!" काळ्यावर टपालाचा शिक्का नीट दिसेना, म्हणून पुढे निळे छापले, पण १८५० साली पत्राचा दर २५ साँतीम झाला आणि ते निळे तिकीट विक्रीला आलेच नाही.

"मग हे कुठले?"

"बोर्दोचे. १८७०."

सप्टेंबर १८७० मध्ये सम्राट तिसरा नेपोलियन प्रशियाच्या हाती सापडला, प्रजासत्ताक आले आणि पॅरिसला वेढा पडला. शहरातली पत्रे बलूनमधून बाहेर जात. अशी साठांहून अधिक बलून उडाली. तिकिटांचे छापखाने मात्र वेढ्यात अडकलेले. बाहेरच्या फ्रान्सने करावे काय? बोर्दोच्या टांकसाळीत शिळाछापावर घाईघाईने तिकिटे काढली. सम्राट गेला, सेरेस परतली. दाते पाडण्याची सोय नव्हती. लोकांनी कात्रीने कापून ती चिकटवली.

"म्हणजे महाग नाही?" मी विचारले.

त्याने सांगितलेल्या किमतीत दोघांचे साधे जेवण झाले असते. विकतोस का, असेही त्याने विचारले. मी वही मिटली.

घरी येऊन आईला सगळे सांगितले. ती बराच वेळ ते वाकडे कापलेले तिकीट पाहत राहिली. "वेढ्यातल्या माणसांना कुणीतरी पत्र लिहिले असेल का रे यावर?"

"वेढ्यात बाहेरून पत्र पोचणे मोठे कठीण होते. पण बाहेर कुणी कुणाला खुशाली नक्कीच कळवली असेल."

मी पेन घेऊन तिकिटाखालचा '१८४९' खोडायला लागलो. आईने हात धरला.

"त्यांचे अक्षर खोडू नकोस. शेजारी लिही."