मोटर जळाली की नाही?

परदेशात ई-सिगारेटची कॉइल स्वतः गुंडाळणारे हौशी लोक अर्धा-पाव ओहम मोजायला घरीच मीटर बनवतात. रोध फार कमी भरला तर बॅटरी तापते, म्हणून. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटवर बंदी आहे, त्याचं मला दुःख नाही. पण ते मीटर अकोल्यात आमच्या चाचांच्या वायंडिंगच्या दुकानात कामाचं निघालं.

बोअरमधून सबमर्सिबल मोटर काढून आणली की शेतकरी एवढंच विचारतो: जळाली का? पाच एचपीच्या मोटरीच्या दोन टोकांमध्ये साधारण दोन-तीन ओहम भरतात. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम, आणि आतले थोडे फेरे एकमेकांना चिकटले तर फरकही तेवढाच. मग अंदाज चालतो. अंदाज कोणाचाही असो, पैसे शेतकऱ्याचे जातात, आणि उन्हाळ्यात पिकाचं पाणीही.

मी अमरावतीला घरीच जोडणी केली. एलएम ३१७ आयसी, साडेबारा ओहमचा रेझिस्टन्स, जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर. १.२५ व्होल्ट भागिले १२.५, म्हणजे १०० मिलिअँपिअर करंट कायम. आयसी तापते, तिला हीटसिंक हवंच. करंट दोन वायरींनी सोडायचा आणि वेगळ्या दोन वायरींनी थेट टर्मिनलवर मिलिव्होल्ट वाचायचे. या दोन वायरींतून करंट जवळपास जात नाही, म्हणून त्यांचा रोध हिशेबात येत नाही. २४१ मिलिव्होल्ट म्हणजे २.४१ ओहम.

‘‘दो की जगा चार वायर कायको?’’ चाचांनी विचारलं. मग एका मोटरीवर रीडिंग घेतलं: २.४२, २.३१, २.३१. दोन्ही कमी आकड्यांत जो फेज सामाईक, तोच बिघडलेला. मोटर उघडली, तिथेच काळं पडलं होतं.

पुढे बार्शीटाकळीकडचे एक शेतकरी आले. त्यांना दुसरीकडे ‘रिवायंडिंगच करा’ सांगितलं होतं. तिन्ही आकडे सारखे भरले. वायंडिंग बॉडीला लागलंय का हे या मीटरवर कळत नाही. त्याला मेगरच लागतो. तोही ठीक निघाला. दोष केबलच्या जॉइंटमध्ये होता.

दुपारी तापलेलं तांबं सकाळपेक्षा जास्त रोध दाखवतं, म्हणून तिन्ही आकडे एकाच वेळी घ्यायचे. चाचा आता ते बिलाच्या मागे लिहून शेतकऱ्याच्या हातात देतात.